पाच मीटरचा चौकोन आणि वाढत गेलेली सेडान

नागपुरातल्या एखाद्या मॉलच्या तळघरात पार्किंगचा आखीव चौकोन साधारण 5 मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद असतो. 1975 साली जर्मनीत आलेली पहिली बीएमडब्ल्यू 3 सीरिज त्यात लावली असती तर पुढे-मागे मिळून 64 सेंटीमीटर जागा उरली असती. सध्याच्या पिढीची गाडी लावली तर 29 उरते. भारतात आलेली तिची लांब आवृत्ती, ग्रॅन लिमोझिन, लावली तर जेमतेम 18. मग डिक्कीतून बॅग काढायची तर भिंतीला चिकटून, अंग चोरून उभं राहावं लागतं. रुंदीही 161 सेंटीमीटरवरून जवळपास 183 वर गेली आहे. या वर्गाला 'कॉम्पॅक्ट' म्हणायची पद्धत मात्र अजून टिकून आहे.

बीएमडब्ल्यू प्रत्येक पिढीला कारखान्यातलं एक नाव देते आणि गॅरेजमध्येही तेच चालतं: ई21 (1975), ई30 (1982), ई36 (1990), ई46 (1998), ई90 (2005), एफ30 (2012च्या सुमारास) आणि जी20 (2018 साली पॅरिसमध्ये दाखवलेली). पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, ई21 मध्ये 2563 मिलिमीटर होतं. जी20 मध्ये ते 2851 आहे. वजन टनाच्या आसपास होतं, आता दीड टनाच्या घरात. ही वाढ सरळ रेषेत झाली नाही. ई30 तर आधीच्या गाडीपेक्षा 3 सेंटीमीटर आखूडच होती. पण त्याच वर्षी, 1982 मध्ये, स्टुटगार्टहून एक गाडी आली आणि इथून पुढची गोष्ट बदलली.

ती गाडी म्हणजे मर्सिडीज 190. तिचं खरं काम दिसतं ते गाडी लिफ्टवर घेऊन मागच्या चाकाच्या आत डोकावल्यावर. ई30 मध्ये मागचं प्रत्येक चाक एका तिरक्या बिजागरावर झुलायचं, जवळपास दारासारखं. याला सेमी-ट्रेलिंग आर्म म्हणतात. रचना स्वस्त आणि मजबूत, पण चाक वर-खाली होताना थोडं कलतं आणि किंचित आत-बाहेर वळतंही. ओल्या रस्त्यावर वळणात घाबरून एक्सिलेटर एकदम सोडला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात, त्यांचा कोन बदलतो आणि गाडीची शेपूट बाहेर फेकली जाते. ई30 चालवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. काहींना त्याचंच कौतुक.

मर्सिडीजच्या इंजिनियरांनी प्रश्न भूमितीचा म्हणून सोडवला. हवेत सुटी असलेली वस्तू सहा प्रकारे हलू शकते: तीन दिशांना सरकते, तीन अक्षांभोवती फिरते. चाकाच्या हबला योग्य जागी पाच दांड्या लावल्या की पाच हालचाली अडतात आणि एकच उरते, वर-खाली. 190 च्या मागच्या प्रत्येक चाकाला अशा पाच दांड्या होत्या. पाचांची लांबी आणि कोन ठरवून, दबताना चाकाने नेमकं किती कलायचं हे आता इंजिनियरच्या हातात आलं. 1984च्या मे महिन्यात न्यूरबर्गरिंगच्या नव्या ट्रॅकच्या उद्घाटनाला नामवंत ड्रायव्हरांना एकसारख्या 190 ई 2.3-16 देऊन शर्यत लावली होती. त्यात एक तरुण ब्राझिलियन पहिला आला, आयर्टन सेना. बीएमडब्ल्यूने 1986 मध्ये ई30 ची एम3 काढली, तीसुद्धा टूरिंग कारच्या शर्यतींत याच गाडीशी भिडण्यासाठी. पण मागचा सांगाडा बदलायला 1990 साल उजाडलं. ई36 मध्ये मागे अनेक दांड्यांची नवी रचना आली आणि शेपटीचं ते दुखणं बरंचसं गेलं. गंमत म्हणजे ई36 च्याच आखूड 'कॉम्पॅक्ट' आवृत्तीत जुनंच बिजागर ठेवलं होतं. जागाही वाचली, पैसेही.

नव्या रचनेची किंमत रबरात मोजावी लागते. प्रत्येक दांडीच्या दोन्ही टोकांना सांधा असतो, बहुतेक ठिकाणी रबरी बुश. म्हणजे एका चाकामागे दहाच्या आसपास सांधे. उन्हाने आणि खड्ड्यांनी रबर कडक होतं, मग चिरतं आणि इंजिनियरने ठरवलेला कोन हळूहळू बिघडतो. सेकंडहँड गाडी बघायला जाताना म्हणून आधी बोनेट उघडू नका. मागच्या टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवा. बाहेरून नक्षी शाबूत आणि आतली कड गुळगुळीत असेल तर बुश गेलेत किंवा अलाइनमेंट फक्त पुढच्या चाकांचं झालं आहे. या गाड्यांचं अलाइनमेंट चारही चाकांचं करावं लागतं आणि बुश ढिले असताना ते करून उपयोग नाही. आठवड्यात पुन्हा तेच.

ऑडीची अडचण वेगळीच होती. 1994 साली आलेल्या ए4 मध्ये इंजिन लांबीच्या दिशेने, पण पुढच्या ॲक्सलच्याही पुढे बसवलेलं होतं. क्वाट्रो म्हणजे चारही चाकांना ताकद देणं या मांडणीत सोपं जातं. पण वजन टोकाला लटकतं. खांद्यावर पाण्याची कावड घेऊन झटकन वळता येत नाही, तेच दोन हंडे छातीशी धरले तर वळता येतं. वजन तेवढंच, फक्त मध्यापासून लांब. ए4 वळणात नाक बाहेर काढायची ती यामुळे. 2007-08 च्या पिढीत ऑडीने गिअरबॉक्सची आतली मांडणी बदलून डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणारा भाग) क्लचच्या पुढे आणला आणि पुढचा ॲक्सल सुमारे 15 सेंटीमीटर पुढे सरकला. इंजिनाला हात न लावता त्याचं वजन चाकांवर आलं. माझ्या मते या वर्गात गेल्या वीस वर्षांत झालेलं हे सगळ्यात हुशार काम, आणि जाहिरातीत त्यावर कोणी भर दिला नाही. बीएमडब्ल्यू मात्र इंजिन मागे ओढून, निम्मं वजन पुढे आणि निम्मं मागे, हा हट्ट धरून आहे. व्हीलबेस वाढण्यामागे हाही एक हिशोब असतो, फक्त मागच्या सीटवरचे गुडघे नव्हे.

गुडघ्यांचाही असतोच. 2021 मध्ये भारतात आलेल्या ग्रॅन लिमोझिनचा व्हीलबेस 2961 मिलिमीटर, मूळ गाडीपेक्षा 110 ने जास्त. ड्रायव्हरसाठी बनलेली गाडी आपल्याकडे मागे बसणाऱ्या मालकासाठी ताणली गेली. स्पर्धा इथेही मर्सिडीजच्या सी-क्लासशीच. तिचा आताचा व्हीलबेस 2865 आहे.

लांब गाडी म्हटलं की नागपूरकराचा पहिला प्रश्न: चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, आदळेल का? याचं उत्तर आकड्यात देता येतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गोल स्पीडब्रेकर 3.7 मीटर रुंद, 10 सेंटीमीटर उंच आणि 17 मीटर त्रिज्येचा असावा. एवढ्या रुंद उंचवट्यावर गाडीची चारही चाकं एकदम चढलेली असतात. व्हीलबेसचा वर्ग भागिले त्रिज्येची आठ पट, एवढं केलं की पोटाखाली आलेला फुगवटा मिळतो: जी20 साठी सुमारे 6 सेंटीमीटर, लांब आवृत्तीसाठी 6.4. जमिनीपासून पोट साधारण 14 सेंटीमीटर वर. म्हणजे हळू गेलं तर दोघीही निवांत निघतात आणि 11 सेंटीमीटरच्या जास्तीच्या लांबीने फरक पडतो तो अर्ध्या सेंटीमीटरहून कमी. भानगड आहे ती गल्लीतल्या लोकांनी रात्रीतून टाकलेल्या हातभर रुंदीच्या ब्रेकरची. तिथे फुगवट्याचं गणित लागत नाही, पूर्ण उंची पोटाला लागते. चार माणसं आणि सामान असेल तर गाडी आणखी खाली बसते. अशा ठिकाणी तिरकं काढा, एकेक चाक चढवत, आणि ब्रेक चढण्याआधीच सोडून द्या. ब्रेक दाबलेला असताना नाक खाली गेलेलं असतं आणि चेंबर फुटायचा धोका तेव्हाच जास्त.

टायरकडे बघा. ई21 चा साधा टायर 165 मिलिमीटर रुंद, 13 इंची चाकाचा. त्याची बाजूची भिंत सुमारे 13 सेंटीमीटर उंच. आजचा 225/45 आर18 घ्या: 225 चे 45 टक्के म्हणजे 10 सेंटीमीटर. हवेची गादी 3 सेंटीमीटरने पातळ झाली आणि वर बसलेलं वजन दीडपट झालं. सिमेंट रस्त्याची कड आणि पेव्हर ब्लॉक यांच्यामधल्या खाचेत रिम वाकते ती उगाच नाही. ई90 पासून रनफ्लॅट टायर आले. पंक्चर झाल्यावरही 80 च्या वेगाने 80 किलोमीटर नेणारे, म्हणून स्टेपनी गेली. त्यांची भिंत जाड आणि कडक, त्यामुळे ई90 छोट्या खड्ड्यांवर खडखडते. जी20 मध्ये शॉकअपच्या आतच वेगळी सोय आहे: दांडी टोकाकडे जाऊ लागली की तेलाचा विरोध आपोआप वाढतो. त्यामुळे मधला भाग मऊ ठेवता येतो आणि मोठ्या धक्क्यात टोकाला आदळणंही टळतं.

समृद्धी महामार्गावर जाणाऱ्यांसाठी एक हिशोब. 120 च्या वेगाला हा टायर सेकंदाला सुमारे 16 फेरे मारतो आणि प्रत्येक फेऱ्यात त्याची भिंत दबून सुटते. त्यातून उष्णता तयार होते. सकाळी 30 अंशांना 33 पीएसआय भरलेली हवा टायर 65 अंशांवर गेला की साडेअडतीसच्या आसपास दाखवते. हे अपेक्षितच आहे आणि टायर त्यासाठीच बनलेला असतो. चूक होते ती पुढची: ढाब्यावर थांबून कोणी तरी 'हवा जास्त झाली' म्हणून ती 33 वर आणतं. तो टायर दुसऱ्या दिवशी सकाळी 28 वर असतो. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटायचा धोका तिथे आहे. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात तेही वाचा. 2319 म्हणजे 2019 चा 23वा आठवडा.

इंजिनांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिथे सगळ्यांनी एकच वाट धरली: सिलिंडर कमी, टर्बो आला. 330आय मध्ये आता 2 लिटरमधून 258 हॉर्सपॉवर निघते. पण 25 अंशांपेक्षा 45 अंशांची हवा सुमारे 6 टक्के विरळ असते. टर्बो ती तूट दाब वाढवून भरतो, दाबलेली हवा आणखी तापते आणि मग कॉम्प्युटर इंजिन वाचवायला ताकद आवरतो. मे महिन्यात भर दुपारी पिकअप मेल्यासारखा वाटला तर लगेच पेट्रोल पंपाला शिव्या देऊ नका.

तापण्याचं खरं दुखणं कूलंटच्या प्लास्टिकमध्ये आहे. इंधन वाचावं म्हणून ई46-ई90 च्या काळातली बरीच इंजिनं कमी भारावर मुद्दाम 105 अंशांच्या आसपास चालवली जातात. टाकी, होजचे जोड, थर्मोस्टॅटचं आवरण, सगळं प्लास्टिकचं. रोज तापून-थंड होऊन ते ठिसूळ होतं आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, नागपूरच्या व्हरायटी चौकाच्या सिग्नलला एसी लावून उभं असताना तडकतं. टाकीच्या सांध्यावर पांढरी-निळी वाळलेली रेघ दिसली की बदलायची वेळ झाली. वरून नळाचं पाणी ओतू नका, क्षार बसतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. 2007 पासूनच्या 320डी मधल्या एन47 डिझेल इंजिनात टायमिंग चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. सकाळी पहिल्या स्टार्टला मागून धातू घासल्यासारखा आवाज आला तर ती गाडी सोडून द्या. चेनपर्यंत पोचायलाच इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

एफ30 मध्ये स्टीअरिंग हायड्रॉलिकचं इलेक्ट्रिक झालं. पंप सतत फिरायचा थांबला, पेट्रोल वाचलं आणि रस्त्याची बारीक थरथर हातापर्यंत येणं बंद झालं. ही तक्रार अजून मिटलेली नाही.

त्याच पिढीत आलेला झेडएफचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक मात्र निर्विवाद चांगला. त्याचं तेल 'लाइफटाइम' आहे असं शोरूममध्ये सांगतात. लाइफ कोणाचं, वॉरंटीचं की गाडीचं, ते सांगत नाहीत. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला तेल बदला म्हणते. फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच असतो, म्हणून अख्खा पॅन नवा घ्यावा लागतो. नवं तेल भरून, इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून गिअर रिव्हर्स आणि ड्राइव्हमध्ये थोडा थोडा वेळ धरतात. मग तेल साधारण 30 ते 50 अंशांच्या मध्ये असतानाच भरायचा बोल्ट उघडतात आणि बारीक धार लागली की बंद करतात. तेल याहून गरम असेल तर ते फुगलेलं असतं, जास्तीचं वाहून जातं आणि थंड झाल्यावर पातळी कमी भरते. मग ड्राइव्ह टाकल्यावर गाडी क्षणभर अडखळते. नागपुरात मे महिन्यात दुपारी चालवत आणलेल्या गाडीचं तेल कितीतरी गरम असतं आणि शेडमध्येच 44 अंश असल्यावर ते निवणार कधी? गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजला लावून यायची आणि मिस्त्रीला सांगायचं, सकाळी शटर उघडल्याबरोबर हे काम पहिलं घे.