ॲमिनो अम्ले : रचना, गुणधर्म व अध्ययन

प्रथिनांचे घटक असलेली कार्बनी संयुगे. मध्यवर्ती (आल्फा) कार्बनाला ॲमिनो गट, कार्बॉक्सिल गट, हायड्रोजन आणि पार्श्वशृंखला जोडलेली असते. प्रथिनांत सामान्यतः वीस ॲमिनो अम्ले आढळतात; सिलिनोसिस्टीन व पायरोलायसीन ही विरळ दोन धरल्यास बावीस.

सर्वांत आधी सापडलेले ॲमिनो अम्ल कोणते, याबाबत मतभेद आहेत. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होक्लँ व रोबिके यांनी १८०६ मध्ये शतावरीवर्गीय भाजीच्या रसातून ॲस्परजीन वेगळे केले, म्हणून बहुतेक ग्रंथ तो मान त्याला देतात. वुलस्टन यांना १८१० मध्ये मूतखड्यात सिस्टीन सापडले. परंतु ही दोन्ही प्रथिनांचे घटक असल्याचे तेव्हा कळलेले नव्हते. शिंगातील प्रथिनातून सिस्टीन मिळाले ते १८९९ मध्ये, मर्नर यांना. एडेस्टीन या प्रथिनातून ॲस्परजीन मिळवले दामोदरन व सहकाऱ्यांनी, १९३२ मध्ये. प्रथिनाचा घटक हा निकष लावला तर ब्राकोनो यांनी १८२० मध्ये जिलेटीन सल्फ्यूरिक अम्लासह तापवून मिळवलेले गोड ग्लायसीन अग्रमानाला अधिक पात्र ठरते. ल्युसीनचे श्रेय प्रूस्त (१८१९, चीजमधून) व ब्राकोनो यांच्यात वाटले जाते.

ॲमिनो अम्ले द्रावणात उभयभारी आयनाच्या (एकाच रेणूवर धन व ऋण दोन्ही भार) रूपात असतात. ज्या पीएचला (आम्लतेचे माप) एखाद्या गटाच्या निम्म्या रेणूंनी प्रोटॉन सोडलेला असतो, ते त्या गटाचे पीकेए. ग्लायसीनची पीकेए मूल्ये सुमारे २.३४ व ९.६०, त्यांची सरासरी ५.९७ हा त्याचा समविद्युत् बिंदू. त्या पीएचला निव्वळ भार शून्य असतो. ग्लायसीन वगळता बाकी सर्व प्रकाशक्रियाशील (ध्रुवित प्रकाशाचे प्रतल फिरवणारी) असून प्रथिनांत एल-रूपात, म्हणजे आरशातील प्रतिमेसारख्या दोन रूपांपैकी एकात, असतात. पार्श्वशृंखलेच्या गुणधर्मांवरून ॲमिनो अम्लांचे गट पाडतात. हिस्टिडीन आम्लारिधर्मी गटात घातले जाते, पण त्याच्या पार्श्वशृंखलेचे पीकेए सहाच्या आसपास असल्याने रक्ताच्या ७.४ पीएचला तिचे बहुतांश रेणू भाररहित असतात. म्हणून गटांची यादी पाठ करण्याआधी पार्श्वशृंखला काढून तिचा भार ठरवणे हीच शिकण्याची खरी वाट होय.

गोव्यात मराठी वा कोकणीतून प्राथमिक शिक्षण झालेल्यांना ही नावे बारावीच्या रसायनशास्त्रात, जैवरेणूंच्या प्रकरणात, इंग्रजीतून भेटतात. एकाक्षरी संकेत (प्रत्येक ॲमिनो अम्लासाठी एक इंग्रजी अक्षर) तिथे अडखळवतात. ‘एल’ ल्युसीनने घेतल्यामुळे लायसीनला शेजारचे ‘के’ मिळाले, एवढे कळले की ते लक्षात राहते. आवश्यक ॲमिनो अम्ले, म्हणजे शरीर स्वतः तयार करू शकत नसल्याने अन्नातून घ्यावी लागणारी, समजावण्यास गोव्याचे जेवण उत्तम उदाहरण आहे. भातात लायसीन कमी. ती उणीव हुमणातली (माशांच्या आमटीतली) मासळी भरून काढते आणि शाकाहारी पानात अळसांद्याचे (चवळीचे) तोणाक, म्हणजे रस्साभाजी. उलट अळसांद्यात मेथिओनीन कमी असते, ते भातातून मिळते.

प्रयोगशाळेत ओळखीसाठी निनहायड्रिन हे रसायन वापरतात. बहुतेक ॲमिनो अम्ले जांभळा रंग देतात, तर ज्याचा ॲमिनो गट पार्श्वशृंखलेशी वलयात बांधलेला आहे ते प्रोलीन पिवळा.