अरेंजर कीबोर्डमधील ड्रमचे आवाज: सॅम्पल किट आणि ऑडिओ लूप

अरेंजर कीबोर्ड म्हणजे एकट्या वादकाच्या दिमतीला दिलेला साथीदारांचा ताफा. डाव्या हाताने कॉर्ड दाबली की ड्रम, बास, गिटार, स्ट्रिंग्ज त्या कॉर्डनुसार वाजू लागतात आणि उजवा हात चाल वाजवायला मोकळा राहतो. या तयार साथीला कंपन्या ‘स्टाईल’ म्हणतात, आपल्याकडचे ऑर्केस्ट्रावाले सरळ ‘रिदम’ म्हणतात. त्यातला ड्रम दोन पद्धतींनी वाजवता येतो. पहिली पद्धत सॅम्पल किटची. यात बेस ड्रम, स्नेअर, हायहॅट (पायाने उघडझाप करायची झांजांची जोडी), झांज यांचा एकेक आघात वेगळा ध्वनिमुद्रित केलेला असतो (हेच सॅम्पल), आणि कोणता आघात कधी व किती जोरात वाजवायचा ते मिडी, म्हणजे वाद्ययंत्रांच्या सामाईक भाषेतले संकेत ठरवतात. दुसरी पद्धत ऑडिओ लूपची. यात ड्रमवादकाने सलग वाजवलेले दोन-चार बार (चार-चार मात्रांचे तुकडे) जसेच्या तसे मुद्रित करून पुन्हा पुन्हा फिरवले जातात.

पहिल्या पद्धतीचे मूळ १९८० सालच्या लिन एलएम-१ या ड्रम मशीनमध्ये आहे. खऱ्या ड्रमचे मुद्रित आवाज वाजवणारे ते पहिले ड्रम मशीन. १९८३ मध्ये मिडी आले आणि १९९१ मध्ये जनरल मिडी या मानकाने क्रमांक पक्के केले: ड्रमसाठी चॅनल १०, बेस ड्रम ३६, स्नेअर ३८, बंद हायहॅट ४२, उघडा हायहॅट ४६. एका कीबोर्डासाठी बांधलेला ठेका दुसऱ्यावर निदान ओळखू येईल असा वाजतो, तो या क्रमांकांमुळे.

सॅम्पल किटवरचा नेहमीचा आक्षेप म्हणजे ‘मशीन वाटते’. मशीन नेमकी कुठे वाटते, हे हायहॅटवर कान ठेवला की कळते. १२०च्या लयीत (मिनिटाला १२० मात्रा) सोळांशाचे, म्हणजे मात्रेला चार, हायहॅट दर १२५ मिलिसेकंदांनी पडतात. दर वेळी तेच एक सॅम्पल वाजले तर काही बारांतच कानाला टाइपरायटर ऐकू येऊ लागतो. हाडामांसाचा वादक काठी कधी झांजेच्या कडेवर मारतो, कधी थोडी आत. पायाचा दाब सैल झाला की आवाज किंचित उघडतो. यावर दोन उपाय रूढ आहेत. एक म्हणजे जोरानुसार वेगवेगळी सॅम्पल्स ठेवणे. हलका आघात हा जोरदार आघाताचा आवाज कमी करून मिळत नाही, कारण त्याचा पोतच निराळा असतो. दुसरा उपाय म्हणजे एकाच जोराची अनेक सॅम्पल्स आळीपाळीने वाजवणे. उघडा हायहॅट वाजत असताना बंद हायहॅट पडला तर पहिल्याचा आवाज तिथेच तुटला पाहिजे, हेही यंत्राला शिकवावे लागते.

एवढे करूनही एक उणीव उरते, आणि खरी मेख तिथे आहे. ड्रमसेट हे सुट्या वाद्यांचे दुकान नाही, ते एकच वाद्य आहे. बेस ड्रम वाजला की स्नेअरखालच्या तारा आपोआप झणझणतात. वर टांगलेले माईक सगळ्यांचे सगळे ऐकतात आणि खोलीही त्यात आपला आवाज मिसळते. सुटी सॅम्पल्स एकत्र वाजवली तर ही सरमिसळ हरवते. प्रत्येक आघात वेगळ्या खोलीतून आल्यासारखा वाटतो. लूपमध्ये ती आयती मिळते. लूपचा आवाज ‘खरा’ वाटण्यात मुद्रणाच्या दर्जापेक्षा या सरमिसळीचा वाटा मोठा आहे.

लूपची किंमत मात्र वेगळ्या खात्यात मोजावी लागते. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज सेकंदाला १,७६,४०० बाइट घेतो. १२०च्या लयीतले चार बार आठ सेकंदांचे, म्हणजे सुमारे १४ लाख बाइट. त्याच ठेक्याचे मिडी संकेत काही किलोबाइटमध्ये मावतात. हल्ली मेमरी स्वस्त आहे, तेव्हा ही अडचण फारशी उरलेली नाही. उरली आहे ती लयीची. लूप १२०ला मुद्रित झाला आणि गायकाने ९० मागितली, तर सोळांशाची जागा १२५ वरून सुमारे १६७ मिलिसेकंद होते. आवाज ताणून ही जागा भरली तर आघाताची धार बोथट होते आणि झांजेची शेपटी पाण्याखालून आल्यासारखी डुचमळते. दुसरा मार्ग म्हणजे लूप आघाताआघातावर कापून तुकडे नव्या लयीवर मांडणे. १९९४च्या रीसायकल या सॉफ्टवेअरने ही युक्ती सर्वदूर नेली. यात आघाताची धार टिकते, पण लय उतरवली की तुकड्यांमध्ये पोकळी पडते आणि वाजता वाजता आवाज तुटल्याचे जाणवते. शिवाय लय उतरली की माणूस निराळे वाजवतो: झुलत्या ठेक्यात तो झोल वाढवतो, मधल्या हलक्या आघातांना जागा देतो. हे ना ताणलेल्या लूपला जमते, ना मिडीला.

लूपमधली एखादी झांज नको असेल तर ती काढता येत नाही. किट बदलता येत नाही, एकट्या स्नेअरचा आवाज कमी करता येत नाही. अरेंजरच्या स्टाईलमध्ये एकच ठेका नसतो. इंट्रो, चार मुख्य प्रकार, फिल-इन (दोन भाग जोडणारी छोटी भर), ब्रेक, एंडिंग असा सगळा संसार असतो. या प्रत्येकासाठी वेगळे मुद्रण लागते. स्टुडिओत गाण्याची लय एकदा ठरली की ठरली, तिथे लूपसारखे दुसरे काही नाही. मंचावर कीबोर्डवादकाला गायकामागे धावायचे असते. आवाजाइतकाच आज्ञाधारकपणाही तिथे मोलाचा.

कंपन्यांची वाटचालही हेच सांगते. इटलीच्या केट्रॉनने ऑड्या या कीबोर्डात खऱ्या वादकांच्या ऑडिओ ड्रमवर भर दिला आणि पुढेही ती वाट धरली. यामाहाने २०१२च्या पीएसआर-एस ९५० आणि २०१३च्या टायरॉस ५ मध्ये ‘ऑडिओ स्टाईल’, म्हणजे लूपवर चालणाऱ्या स्टाईल, आणल्या. पण २०१७च्या जेनोसमध्ये त्या बाजूला ठेवून ‘रेव्हो ड्रम्स’ आले, म्हणजे सॅम्पल्स आलटून पालटून वाजवणारी किट्स. २०२३च्या जेनोस २ मध्ये ‘अँबियंट ड्रम्स’ आले. त्यांत ड्रमच्या कोरड्या आवाजात खोलीची गुंज किती मिसळायची ते वादकाच्या हाती दिले आहे. लूपचे जे खरे बळ, तेच किटमध्ये आणण्याचा हा प्रयत्न.

तबल्याकडे वळल्यावर पारडे फिरते. केरव्याचा ठेका घ्या: धा गे ना ती, न क धि न. सॅम्पल किटमध्ये ‘धा’ म्हणजे चाटीवरचा (उजव्या तबल्याच्या कडेवरचा) ‘ना’ अधिक डाव्या डग्ग्यावरचा ‘गे’, दोन्ही एकाच क्षणी. बेरीज बरोबर आहे, पण केरवा उभा राहत नाही. कारण डग्ग्याचे निम्मे काम आघातानंतर सुरू होते. मनगट पुडीवर सरकते, दाब वाढतो, सूर वर चढतो, आणि ही मींड पुढच्या बोलापर्यंत पोहोचते. दोन बोलांच्या मधले हे वाजणे कोणत्याच सुट्या सॅम्पलमध्ये नसते. मींडेसकट घेतलेली सॅम्पल्स ठेवता येतात, पण लय बदलली की मींड लांब किंवा आखूड पडते. म्हणून तबल्याला, आणि ढोलकीच्या घुमाऱ्यालाही, लूप अधिक मानवतो.

तिथेही सुराची फट राहते. तबला गायकाच्या षड्जाला मिळवलेला असतो. लूप एका पट्टीचा आणि गायिकेची पट्टी त्याहून चढी असेल, तर सगळा लूप वर सरकवावा लागतो. मग उजव्या तबल्याबरोबर डग्गाही चढतो आणि डबा वाजल्यासारखा वाटतो. किटमध्ये नुसता उजवा तबला चढवून डग्गा होता तिथे ठेवता येतो. यामाहाचे पीएसआर-आय आणि कॅसिओचे ‘आयएन’ शेपटीचे कीबोर्ड खास भारतीय बाजारासाठी निघतात. पीएसआर-आय ५०० मध्ये तर तबला-तानपुऱ्याची साथ देणारी ‘रियाज’ नावाची सोयच आहे.

महाराष्ट्रातल्या ऑर्केस्ट्रांनी या वादाला आधीच एक व्यवहारी उत्तर काढले होते: ऑक्टापॅड. रोलंडच्या १९८५च्या पहिल्या ऑक्टापॅडला स्वतःचा आवाजच नव्हता; आठ रबरी चौकोन मिडीवरून दुसऱ्या यंत्राला वाजवत. पुढच्या पिढ्यांत आवाज आत आले. आवाज सॅम्पलचा, पण मारणारा हात माणसाचा, त्यामुळे गायक अंतऱ्याआधी थांबला तर तोही थांबतो. ऑक्टापॅडवाला सोबत असला की कीबोर्डवादक आपल्या स्टाईलमधला ड्रम बंद करतो आणि शेकर किंवा खंजिरी तेवढी मागे चालू ठेवतो. यामाहाच्या स्टाईलमध्ये तालवाद्यांचे दोन वेगळे भाग असतात, कॉर्गमध्ये ड्रम आणि पर्कशन. एक बटण दाबले की काम झाले. शेकर आणि बेस ड्रम एकाच लूपमध्ये बसलेले असतील, तर मात्र सगळेच बंद करावे लागते.