२१ दिवसांत सवय लागते, हे खरं नाही

उपवन तलावाकाठी पहाटे चालणाऱ्या आमच्या ठाण्यातल्या ग्रुपवर एक संदेश सतत फिरतो: '२१ दिवस सलग करा, सवय लागलीच समजा.' मग प्रत्येकाच्या स्टेटसवर आकडे झळकतात. बाविसाव्या दिवशीही ज्याला गजर नकोसा वाटतो, तो गुपचूप ग्रुप सोडतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण चूक त्याची नसतेच.

हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनचा. १९६० साली त्यांनी लिहिलं, की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला किमान साधारण २१ दिवस लागतात. पुढे 'किमान' गळालं आणि चेहऱ्याची गोष्ट पहाटे उठण्याला चिकटली!

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना स्वतः निवडलेली एक गोष्ट १२ आठवडे रोज करायला सांगितली. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात, असं दिसलं. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला १२ आठवड्यांच्या नोंदींवरून पुढचा अंदाज बांधल्यास २५४ लागले असते. पाणी पिण्यासारखं सोपं काम लवकर रुजलं, व्यायामाला जास्त वेळ लागला. मधला एखादा दिवस चुकला, तरी फारसं बिघडलं नाही.

ग्रुप सोडून गेलेल्या दोघांना मी काल फोन करून हेच सांगितलं.