करंजियातलं बिऱ्हाड: एल्विन, हिवाळे आणि गोंडांचा मुलुख

गोंडांच्या चालीरीती नेटाने लिहून ठेवणाऱ्या सुरुवातीच्या मिशनऱ्यांत नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांचं नाव घ्यावं लागतं. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे हे पाद्री १८४५ च्या सुमारास सपत्नीक नागपुरात आले. शाळा चालवता चालवता त्यांनी गोंडांचा आद्यपुरुष लिंगो याची गाथा एका परधान भाटाच्या तोंडून उतरवून घेतली. १८६३ मध्ये नदीत बुडून त्यांचा मृत्यू झाला आणि त्यांची टिपणं रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. पण हिस्लॉप यांचं घर शहरात होतं, गोंड भेटत ते दौऱ्यावर.

बिऱ्हाडच गोंडांच्या गावात थाटलं ते वेरियर एल्विन आणि शामराव हिवाळे यांनी. एल्विन इंग्रज, बिशपचे चिरंजीव, शिक्षण ऑक्सफर्डचं. १९२७ मध्ये ते पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले आणि लवकरच गांधीजींच्या प्रभावाखाली गेले. शामराव त्याच संघातले, मराठी ख्रिस्ती. गोंडांमध्ये काम करा, असं जमनालाल बजाज यांनी सुचवलं. जानेवारी १९३२ मध्ये दोघे मैकल डोंगररांगेजवळच्या करंजिया या गावी पोहोचले. तेव्हा ते मंडला जिल्ह्यात होतं, आता दिंडोरीत आहे. सरकारशी निष्ठेची शपथ घ्यायला एल्विन तयार नव्हते, म्हणून नागपूरच्या बिशपनी त्यांना धर्मकार्याचा परवाना दिला नाही. १९३५ मध्ये त्यांनी चर्चच सोडलं.

शिकवायला आलेली ही माणसं शिकणारी कशी झाली, हे पाहण्यासारखं आहे. सूतकताई नेऊन काय करणार? त्या भागात कापूसच पिकत नव्हता. दारूबंदीचंही तसंच. मोहाची दारू तिथे देवाला लागते, लग्नाला लागते, मरणालाही लागते. त्याच जंगलातल्या बैगा आदिवासींचं म्हणणं तर आणखी अवघड होतं: नांगर म्हणजे धरतीमातेची छाती फाडणं. त्यामुळे ते जंगलाचा तुकडा तोडून जाळत आणि राखेत बी फेकत. या बेवर शेतीला इंग्रजांच्या वनखात्याने एका राखीव ‘बैगा चका’पुरतं कोंडून टाकलं होतं. शेतीचा प्रश्न, देवाचा प्रश्न आणि जंगल कायद्याचा प्रश्न एकच आहे, हे तिथे राहिल्याशिवाय कळलं नसतं. एल्विन यांचा बैगांवरचा जाडजूड ग्रंथ १९३९ चा. मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांना मात्र आदिवासींचं वेगळेपण जपण्याचा हा दृष्टिकोन मुळीच मान्य नव्हता. आदिवासी म्हणजे मागासलेले हिंदूच, असं त्यांनी १९४३ मध्ये ठासून मांडलं.

ग्रंथांवर नाव एल्विन यांचं, पण गावाने त्या घरावर विश्वास टाकला तो माझ्या मते मुख्यतः शामरावांमुळे. एल्विन ‘बडा भाई’, शामराव ‘छोटा भाई’. दवाखाना, शाळा, कुष्ठरोग्यांचं घर यांचा रोजचा भार छोट्या भाईवर. लोक गाऱ्हाणी घेऊन येत तेही त्यांच्याकडेच. स्वतः शामरावांनी परधानांवर पुस्तक लिहिलं, ते १९४६ मध्ये निघालं. परधान हे गोंडांचे भाट. बाना हे तंतुवाद्य वाजवत, गोंडांच्या थोरल्या देवाची, बडा देवाची गाणी गात ते आपल्या गोंड यजमानांकडे ठरावीक वर्षांनी दक्षिणा मागायला जातात. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. तरीही शामरावांचं नाव मराठीत फारसं कुणाच्या कानावर नसतं, ही आपली उदासीनता.

या संसाराची दुसरी बाजू तितकी गोड नाही. १९४० मध्ये एल्विन यांनी कोसी या राजगोंड मुलीशी लग्न केलं. त्यांच्याच शाळेत ती शिकत होती आणि वयाने बरीच लहान होती. १९४९ मध्ये घटस्फोट झाला. पुढे त्यांनी पाटणगढच्या लीलाशी संसार थाटला. हे तेच पाटणगढ, जिथे नंतर चित्रकार जनगढसिंह श्याम जन्मले. लीला परधान होती आणि ती त्यांच्याबरोबर शिलाँगला गेली. तिथे एल्विन ईशान्य सीमा प्रदेशाच्या (आजच्या अरुणाचलच्या) प्रशासनाचे आदिवासीविषयक सल्लागार होते. शामराव मागेच राहिले. कोसीही मागे राहिली, रैतवार गावात, अनेक दशकं, हलाखीत.

दुसऱ्यांच्या लग्नांचे, सोडचिठ्ठ्यांचे, रुसव्याफुगव्यांचे इतके बारकावे टिपणाऱ्या एल्विन यांनी आत्मचरित्रात कोसीबरोबरची वर्षं काही ओळींत गुंडाळली आहेत. त्या आत्मचरित्राला त्यांच्या निधनानंतर, १९६५ मध्ये, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.