बाजार समितीचा सेस: पार्श्वभूमी

बाजार समितीला सरकारी तिजोरीतून नियमित पगार मिळत नाही. आवारातले रस्ते, लिलावाचे ओटे, पाणी, दिवे, नोकरवर्ग हे सगळं मुख्यतः चालतं ते आवारात झालेल्या व्यवहारावरच्या सेसवर, म्हणजे कायद्यातल्या बाजार फीवर. महाराष्ट्रात तिचा दर बराच काळ शेकडा ७५ पैसे ते १ रुपया असा राहिला. ती खरेदीदाराने भरायची असते. शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीवर हमाली, तोलाई दिसेल, सेस दिसता कामा नये. दिसला तर तक्रार करावी.

अशा नियंत्रित बाजारांची सुरुवात वऱ्हाडातल्या कापसापासून झाली. १८८६ मध्ये कारंजाचा कापूस बाजार, १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कायदा, १९३९ मध्ये मुंबई इलाख्याचा आणि १९६३ मध्ये आजचा कायदा. फीवरचा खरा वाद मात्र नंतरचा, आणि तो पंजाबातला.

तिथे सत्तरच्या दशकात फी शेकडा २ रुपयांवरून टप्प्याटप्प्याने ३ वर नेली गेली. जमलेल्या पैशातून जोडरस्ते झाले, एका वैद्यकीय महाविद्यालयालाही देणगी गेली. व्यापारी न्यायालयात गेले. त्यांचा मुद्दा सरळ होता: फी घ्यायची तर तिच्या बदल्यात सेवा द्या, सेवा नसेल तर तो कर झाला, आणि कर बसवण्याचा अधिकार समितीला नाही. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बऱ्याच अंशी मान्य केलं. वसुलीचा मोठा हिस्सा, साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश, फी भरणाऱ्यांच्या सेवेसाठी खर्च झाल्याचं दिसलं पाहिजे, असं म्हणून २ रुपयांवरची वाढ रद्द केली.

माझ्या मते या निकालाची दिशा बरोबर होती. महाविद्यालय हवंच, पण त्याचा खर्च धान्याच्या ढिगावर टाकायचा नसतो. अडचण मोजण्याची होती. चांगल्या रस्त्याने मालाची आवक वाढते. मग तो रस्ता व्यापाऱ्याच्या सेवेचा की गावाच्या? १९८३ मध्ये आंध्र प्रदेशच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने ही कसोटी सैल केली: पैशाला पैसा असा हिशेब नको, फी आणि सेवा यांचा ढोबळ संबंध पुरे. तिथली ५० पैशांवरून १ रुपयावर नेलेली फी टिकली. समित्यांना मोकळा श्वास मिळाला, आणि हिशेब विचारणाऱ्याच्या हातातलं हत्यार बोथट झालं. त्यानंतर पंजाबने १९८७ मध्ये ग्रामविकासासाठी वेगळी फी कायद्यानेच बसवली. गहू आणि धानाच्या सरकारी खरेदीवरच्या या फीवरून अलीकडे केंद्राशी तंटा चालला.

महाराष्ट्रात घाव दुसरीकडून बसला. २०१६ मध्ये फळं-भाजीपाला आवाराबाहेर नियमनमुक्त झाला, म्हणजे समितीच्या ताब्यातून सुटला, आणि शेतकऱ्याकडून अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, घेणं बंद झालं. ती खरेदीदाराकडे गेली. जून २०२० मध्ये केंद्राच्या अध्यादेशाने आवाराबाहेरच्या खरेदीवर फी घेता येणार नाही असं ठरवलं. मग आतल्या व्यापाऱ्याने विचारलं, बाहेर शून्य तर आम्हीच का भरायचं? त्याच्या जागी असतो तर मीही तेच विचारलं असतं. पण रात्री उतरणाऱ्या गाड्यांसाठी दिवे, पावसात मालावर छप्पर, वजनकाट्याची तपासणी हे बाहेरच्या व्यवहारात कोणी पुरवत नाही, आणि बाहेर माल घेणारासुद्धा भाव ठरवताना आवारातल्याच लिलावाकडे बघतो. तो लिलाव चालू ठेवण्याचा खर्च मात्र आत उरलेल्यांनीच सोसायचा.

त्या अध्यादेशाचा पुढे कायदा झाला; जानेवारी २०२१ मध्ये त्यासह केंद्राच्या कृषी कायद्यांना स्थगिती मिळाली, वर्षाअखेरीस ते रद्द झाले. भाजीपाल्याची २०१६ ची मोकळीक तेवढी राहिली.