फॉर्ममधला फोटो डिलीट करणं: एका चेकबॉक्समागची पार्श्वभूमी

वेबच्या फॉर्ममधून फाइल पाठवायची सोय नोव्हेंबर १९९५ मध्ये कागदावर आली. झेरॉक्समधले अर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मॅसिंटर यांनी लिहिलेला आरएफसी १८६७ (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेतला एक) हा तो दस्तऐवज. पुढच्याच वर्षी नेटस्केप नॅव्हिगेटर २.० या ब्राउझरमध्ये फाइल निवडायचं बटण दिसू लागलं. फाइल सर्व्हरपर्यंत कशी पोचवायची, हे त्या दस्तऐवजात नीट सांगितलं आहे. पोचल्यावर तिचं काय करायचं आणि नको झाली तर ती कोणी काढायची, हा प्रश्न त्याच्या कक्षेतच नव्हता. तो आला तुमच्या-आमच्या गळ्यात.

पहिली पंचाईत एडिटच्या फॉर्ममध्ये झाली. जुनी नोंद उघडली की नाव, पत्ता, फोन नंबर आपोआप भरलेले येतात. फाइलचा रकाना मात्र नेहमी रिकामा. सर्व्हरला तो आधीच भरून पाठवता येत नाही, आणि ते बरंच आहे. नाहीतर कुठल्याही वेबसाइटने त्यात तुमच्या कॉम्प्युटरवरच्या एखाद्या फाइलचा पाथ लिहून ठेवला असता आणि तुम्ही सबमिट दाबताच ती फाइल उचलली असती. पण त्यामुळे रिकाम्या रकान्याला दोन अर्थ चिकटले. समजा, कोणी फक्त फोन नंबर बदलून सबमिट केलं. सर्व्हरवर चालणारी पीएचपी ही प्रोग्रामिंग भाषा सांगते, फाइल आलेली नाही, एरर ४. मग जुना फोटो ठेवायचा की काढायचा? सगळ्यांनी ‘ठेवायचा’ असं धरलं, आणि ते शहाणपणाचंच होतं. मात्र त्यामुळे ‘काढा’ हे सांगायला वेगळी खूण लागली. फोटोशेजारचा तो चेकबॉक्स इथून आला.

पीएचपीच्या सुरुवातीच्या काळात हा चेकबॉक्स ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने लिहिला. बरेच जण जुन्या फाइलचं नाव फॉर्ममध्येच लपलेल्या फील्डमध्ये ठेवत आणि सबमिट झाल्यावर तेच नाव थेट अनलिंक या फाइल पुसणाऱ्या फंक्शनला देत. लपलेलं फील्ड ब्राउझरमध्ये दिसत नाही, पण बदलता येतं. तिथे फोटोऐवजी दोन टिंबं आणि स्लॅश देत वरच्या फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलचं नाव घातलं, की सर्व्हर ती फाइल निमूटपणे उडवणार. फॉर्मकडून फक्त नोंदीचा आयडी घ्यावा, ती नोंद त्या माणसाचीच आहे का हे तपासावं आणि फाइलचं नाव डेटाबेसमधून काढावं, हा नियम अशा खोडींतूनच रुळला.

जँगोने (वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा, म्हणजे फ्रेमवर्क) मार्च २०११ च्या १.३ आवृत्तीत हा चेकबॉक्स फ्रेमवर्कमध्येच आणला. सध्याच्या फाइलची लिंक, शेजारी ‘क्लिअर’, खाली नवीन फाइलचा रकाना. फील्ड सक्तीचं असेल तर क्लिअर दिसतच नाही. क्लिअरवर टिक करून वर नवीन फाइलही निवडली तर फॉर्म अडून बसतो: दोन्हींपैकी एकच काय ते सांगा.

गंमत म्हणजे त्याच १.३ मध्ये जँगोने उलट्या दिशेनेही एक पाऊल टाकलं. तोवर नोंद डिलीट केली की तिच्यासोबतची फाइलही जँगो स्वतः डिस्कवरून काढायचं. ते त्यांनी बंद केलं. कारण समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

फोटो डेटाबेसमध्ये ठेवावा की डिस्कवर, हा वाद जुना आहे. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या एका अहवालात रसेल सीअर्स, कॅथरीन व्हॅन इंगेन आणि जिम ग्रे यांनी प्रत्यक्ष मोजमाप करून दाखवलं, की साधारण २५६ केबीच्या आतला ऐवज डेटाबेसला चांगला पेलतो, १ एमबीच्या वरचा फाइल सिस्टीमला. प्रत्यक्षात बहुतेकांनी सरसकट डिस्क निवडली आणि टेबलात नुसता पाथ लिहिला. म्हणजे एकाच फोटोचा संसार दोन घरांत. डेटाबेसमधला बदल ट्रान्झॅक्शनमध्ये असतो, म्हणजे पूर्ण होतो किंवा अजिबात होत नाही; बिनसलं तर रोलबॅक होतो, पूर्ववत होतो. डिस्कवरून गेलेली फाइल रोलबॅक होत नाही.

आता क्रम लावून बघा. आधी फाइल उडवली आणि नंतर डेटाबेसने नोंद काढायला नकार दिला, तर नोंद शाबूत आणि फोटोच्या जागी तुटकं चित्र. आधी नोंद काढली आणि फाइल काढण्यापूर्वीच सर्व्हर बसला, तर फाइल कायमची अनाथ. तिचा पाथ आता कुठेच लिहिलेला नाही. दुसरी चूक परवडते, पहिली नाही. जागा वाया गेलेली चालते, माणसाचा फोटो गेलेला चालत नाही. जँगोने दिलेली कारणं हीच होती: रोलबॅक झालेली ट्रान्झॅक्शन, आणि एकाच फाइलकडे बोट दाखवणारी दोन मॉडेल्स (जँगोत टेबलाचं वर्णन म्हणजे मॉडेल).

दोन्ही घरं एका छपराखाली आणायचा प्रयत्न झाला नव्हता असं नाही. आयबीएमच्या डीबी२ या डेटाबेसमध्ये डेटालिंक नावाचा कॉलम होता. बाहेरच्या फाइलचा दुवा तुटला की ती डिलीट करायची की मूळ मालकाच्या हवाली करायची, हे टेबल बनवतानाच लिहिता यायचं. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या प्रमाणकातही ही कल्पना गेली. कल्पना देखणी, पण वेबवाल्यांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

ड्रूपल या साइट चालवायच्या सॉफ्टवेअरने वेगळी वाट धरली. ड्रूपल ७ (२०११) मध्ये फाइल किती ठिकाणी वापरली आहे याची मोजणी सुरू झाली. पुढे ड्रूपल ८ मध्ये मोजणी शून्यावर आली की फाइल तात्पुरती ठरायची आणि क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम, ती नंतर झाडून न्यायचा. मोजणी बरोबर असेल तोवर छान. ती चुकत होती, वापरातल्या फाइली गायब होत होत्या, म्हणून २०१७ च्या ८.४ मध्ये हे आपोआप झाडणं डीफॉल्टने बंद ठेवलं गेलं. दोन सॉफ्टवेअर, दोन रस्ते, आणि दोन्ही त्याच मुक्कामाला आले.

डिलीट हे बटण असावं की लिंक, याचा निकाल मे २००५ मध्ये लागला. गूगलच्या वेब अ‍ॅक्सलरेटरने वेग वाढवण्यासाठी पानावरच्या लिंका आधीच उघडून ठेवायला सुरुवात केली. ज्यांनी ‘डिलीट’ ही साधी लिंक ठेवली होती, त्यांच्या वापरकर्त्यांचा डेटा कोणी क्लिक न करता जाऊ लागला. दोष गूगलला दिला गेला, पण माझ्या मते चूक लिंक ठेवणाऱ्यांची होती. लिंक उघडताना ब्राउझर पाठवतो ती गेट ही विनंती निरुपद्रवी असावी, हे एचटीटीपीत (वेबवरच्या देवाणघेवाणीच्या नियमांत) आधीपासून लिहिलेलं होतं.

मोठ्या साइटींची अडचण नेमकी उलटी: डिलीट केलेलंही जात नव्हतं. २००९ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी १६ साइटींवर फोटो टाकले, त्यांचे थेट पत्ते टिपून ठेवले आणि फोटो डिलीट केले. ७ साइटींवर ते त्या पत्त्यांवर नंतरही उघडत होते. त्यांत फेसबुकही होतं. पुढच्याच वर्षी फेसबुकच्या इंजिनिअरांनी हेस्टॅक या आपल्या साठवणीवर निबंध वाचला. २६० अब्ज प्रतिमा, आणि वर्षभरात सुमारे २५ टक्के फोटो डिलीट होतात. डिलीट म्हणजे तिथे फोटोवर फक्त एक खूण. जागा मोकळी होते ती नंतर, अनेक फोटो एकत्र ठेवणारी ती सगळी मोठी फाइल नव्याने आवळून लिहिली जाते तेव्हा.

आता छोट्या साइटीही तेच करतात. रेल्स या फ्रेमवर्कच्या ५.२ मध्ये (२०१८) आलेल्या अ‍ॅक्टिव्ह स्टोरेज या फाइल सांभाळणाऱ्या भागात नोंद गेली की फाइल काढायचं काम बॅकग्राउंड जॉबकडे, म्हणजे मागे सवडीने चालणाऱ्या कामाकडे जातं, ट्रान्झॅक्शन पक्की झाल्यावर. फॉर्मवरचा चेकबॉक्स आता फाइल काढत नाही, काढायची विनंती नोंदवतो.

त्या विनंतीला मुदत लावली कायद्याने. युरोपात मे २०१८ पासून जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम १७ ने माहिती पुसून घ्यायचा हक्क दिला. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही तो आहे. त्यामुळे अनाथ फाइल आता नुसती वाया गेलेली जागा राहिली नाही. कोणाचा फोटो आहे हे सांगणारी नोंद गेलेली, फोटो मात्र थंबनेलच्या तीन-चार आकारांत, सीडीएनच्या (ठिकठिकाणी प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांच्या) कॅशमध्ये आणि कालच्या बॅकअपमध्ये पडलेला, आणि तो शोधायला क्वेरी कुठल्या टेबलावर मारायची हे कोणालाच सांगता येत नाही.