ताज्या टोमॅटोचं जर्मन सूप घरी कसं करायचं (या आठवड्याच्या खोक्यासोबत)

नमस्कार मंडळी,

या आठवड्याच्या भाजीच्या खोक्यात तळाशी जी वेगळी कागदी पिशवी आहे ना, तिच्यात दीड किलो टोमॅटो आहेत आणि ते कोशिंबिरीसाठी नाहीयेत. खूप पिकलेत, काहींची साल देठापाशी तडकलीय, एखादा जोरात दाबला तर बोटच आत जाईल. गेल्या ऑगस्टमध्ये असेच पाठवले होते तेव्हा बऱ्याच जणांनी मेसेज केला की माल नरम आलाय, बदलून द्या, आणि ते बरोबरच होतं कारण आम्ही आधी काही सांगितलंच नव्हतं. हे सूपचे टोमॅटो आहेत, वेलीवर शेवटपर्यंत ठेवून मग तोडलेले, म्हणून यंदा सोबत हा कागद.

पहिली विनंती, ते फ्रीजमध्ये ठेवू नका. साधारण 10-12 डिग्रीच्या खाली टोमॅटोचा वास मरतो आणि एकदा गेला की बाहेर काढून ठेवला तरी पूर्ण परत येत नाही. ओट्यावर, देठाची बाजू खाली करून, एकमेकांवर न रचता ठेवा आणि दोन दिवसांत वापरून टाका.

हे येतात दक्षिण जर्मनीतल्या बोडेनझे तलावातल्या राइशेनाउ बेटावरून. तिकडे 724 साली मठ स्थापन झाला, त्या काळी तिथले साधू लोक भाजीपाला लावायचे, म्हणजे त्यांच्याकडे टोमॅटो नव्हताच, तो अमेरिकेतून खूप नंतर आला, पण जमीन आणि हवा तीच. तलावाचं पाणी दिवसाची ऊब धरून ठेवतं आणि बेटावर काचेची ग्रीनहाऊस आहेत, त्यामुळे तिथला टोमॅटो गोड असतो. आम्ही स्टुटगार्टमध्ये खोके पोचवायला लागल्यापासून उन्हाळ्याचा टोमॅटो तिथूनच घेतो.

आता सूपकडे. आपल्यातल्या बहुतेकांच्या डोक्यात टोमॅटो म्हटलं की सार येतं, तुपाची जिऱ्याची फोडणी, कढीपत्ता, थोडं नारळाचं दूध, पातळ, भातावर घ्यायचं. जर्मन टोमाटेनझुप्पेचा स्वभावच वेगळा आहे, तो दाट असतो, लोण्यात परतलेल्या कांद्याचा आणि मुळांच्या भाज्यांचा गोडवा खाली असतो, वर थोडी साय, आणि सोबत ब्रेड. तिखट नाही, फोडणी नाही. सार मला जीव की प्राण आहे पण कृपया पहिल्यांदा करताना या सुपात जिरं आणि मिरची घालू नका, एकदा तसंच करून बघा, नाहीतर ना सार होतं ना सूप.

या टोमॅटोशिवाय काय काय लागेल ते सांगते, चार-पाच माणसांसाठी. दोन मध्यम कांदे, 30 ग्रॅम लोणी आणि एक चमचा तेल, दोन मोठे चमचे टोमाटेनमार्क म्हणजे ट्यूबमध्ये मिळते ती टोमॅटोची घट्ट पेस्ट, 300 ते 400 मिली भाजीचा ब्र्यूहे म्हणजे स्टॉक, साखर, मीठ, काळी मिरी, आणि 100 मिली झाने म्हणजे क्रीम. आणि झुप्पेनग्र्यूनची एक जुडी. ही कुठल्याही सुपरमार्केटात बांधून ठेवलेली असते, गाजर, झेलरीच्या गड्ड्याचा तुकडा, लाउखचा म्हणजे लीकचा तुकडा आणि थोडी पार्सली. बरेच जण विचारतात की हा पांढरा खडबडीत गड्डा कशाला, त्याला वास विचित्र येतो. कच्चा येतो, खरं आहे, पण लोण्यात मऊ झाला की तोच सुपाला मागून धरून ठेवतो, सगळा नका घालू, सुपारीएवढे चार-पाच तुकडे पुरेत. फक्त घरात कुणाला झेलरीची ॲलर्जी असेल तर पूर्ण टाळा, इथे ती बऱ्याच जणांना असते, म्हणूनच पाकिटांवर ती ठळक अक्षरात छापलेली असते.

लोर्बेरचं म्हणजे युरोपातल्या बे लीफचं एक पान पण लागेल. भारतातून आणलेलं तमालपत्र इथे चालत नाही, दोन्ही वेगवेगळ्या झाडांची पानं आहेत, आपल्या तमालपत्राला दालचिनीसारखा वास असतो आणि सूप लगेच पुलावासारखं लागायला लागतं.

शाकाहारी मंडळींनी ब्र्यूहे विकत घेताना जरा थांबून वाचा. गेम्यूझेब्र्यूहे म्हणजे भाजीचा, रिंडरब्र्यूहे म्हणजे गोमांसाचा, हून्नरब्र्यूहे कोंबडीचा, आणि डबे सगळे एकाच रांगेत, रंगही जवळजवळ सारखे. हॉटेलात पण टोमॅटो सूप म्हणून निर्धास्त मागवू नका, कुठे मांसाच्या ब्र्यूहेत करतात, कुठे सुरुवातीला स्पेक म्हणजे डुकराच्या चरबीचे तुकडे परततात, विचारलं तर नीट सांगतात.

कृतीत सगळ्यात जास्त वेळ सुरुवातीलाच द्यायचा. जाड बुडाच्या पातेल्यात लोणी-तेल, त्यात बारीक चिरलेला कांदा, गाजर, झेलरी, लाउखचा पांढरा भाग आणि चिमूटभर मीठ, आणि गॅस मंद, इलेक्ट्रिक शेगडी असेल तर 9 पैकी 4 वगैरे. 12 ते 15 मिनिटं. आपल्याला कांदा लाल करायची सवय असते, इथे लाल नाही करायचा, पारदर्शक आणि मऊ झाला पाहिजे, चमच्याने दाबला की चिरडला जावा एवढा. मग मधे जागा करून टोमाटेनमार्क टाका आणि तो परता दोन मिनिटं, रंग भडक लाल होता तो विटकरी होतो आणि खाली थोडा धरायला लागतो, तोपर्यंत, करपू द्यायचा नाही. ट्यूबमधल्या पेस्टला एक कच्चट, थोडी डब्याची चव असते ती इथेच जाते.

आता टोमॅटो. देठाचा हिरवा कडक भाग कापून टाका, बाकी साल बी सगळं तसंच, मोठे तुकडे करून रसासकट पातेल्यात. बियांभोवतीचा तो बुळबुळीत भाग काढून टाकायला अनेक रेसिपीत सांगतात, टाकू नका, टोमॅटोची खरी चव गराइतकी किंवा त्याहून जास्त त्या जेलीत असते. लोर्बेर, एक चमचा साखर, झाकण ठेवून 10 मिनिटं, मग पाणी सुटलं की ब्र्यूहे आणि झाकण काढून आणखी 15 ते 20 मिनिटं मंद उकळू द्या. आधी 300 मिलीच घाला, टोमॅटोलाच इतकं पाणी सुटतं की पुढचं लागतही नाही कधीकधी. लोर्बेरचं पान आठवणीने काढा.

मग गाळणं, आणि इथे माझं ठाम मत आहे. जर्मन घरांमध्ये एक हाताने फिरवायची जाळीची चाळण असते, तिला प्रेमाने फ्लोटे लोटे म्हणतात, सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळते. तिच्यातून सूप फिरवलं की साल आणि बिया वर राहतात, गर खाली पडतो, आणि रंग लाल राहतो. मिक्सर किंवा हँड ब्लेंडर जोरात फिरवला की बिया फुटून किंचित कडवटपणा येतो, शिवाय हवा मिसळून सूप केशरी-गुलाबी पडतं. ती नसेल तर ब्लेंडर थोडकाच फिरवा आणि पुरणाच्या चाळणीतून डावाने दाबून काढा, ती बहुतेकांनी सामानात आणलेली असतेच, उत्तम काम करते.

आता क्रीम, कारण इथेच सूप फाटतं आणि लोक हताश होतात. टोमॅटो आंबट, त्यात दूध घातलं की फाटणारच, म्हणून दूध नकोच. श्लागझानेत म्हणजे फेटायच्या क्रीममध्ये 30 टक्के स्निग्धांश असतो, ती टिकते. श्मांडमध्ये म्हणजे दाट आंबट क्रीममध्ये 20 च्या पुढे असतो, तोही चालतो, पण उकळताना नाही. झाउरे झाने म्हणजे साधी आंबट क्रीम मात्र 10 टक्केवाली असते, ती उकळत्या सुपात हमखास दाणेदार होते, ती घ्यायचीच असेल तर वाटीत वाढल्यावर वरून एक चमचा. कुठलीही असो, गॅस बंद करा, एक डाव गरम सूप क्रीममध्ये घालून ढवळा, आणि मग ते मिश्रण पातेल्यात. फाटू नये म्हणून चिमूटभर सोडा घालायची आपल्याकडे पद्धत आहे, नका घालू, आंबटपणा मरतो आणि चव साबणासारखी होते. आंबट जास्त वाटलं तर थोडी साखर, बस.

दाटपणासाठी मैदा लागतो का? आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी लावतात, लोण्यात एक चमचा 405 नंबरचं पीठ म्हणजे इथला मैदा परतून, त्याला मेलश्विट्से म्हणतात, आणि त्यांचं सूप फार छान होतं. त्या पूर्व जर्मनीत वाढल्या, त्यांच्याकडे सुपात शिजवलेला भातही घालतात, मुलांना तो भातवाला प्रकार जास्त आवडतो असा आमचा घरचा अनुभव आहे. पण असे पिकलेले टोमॅटो असतील तर मी पीठ लावत नाही, गाजर आणि कांद्यानेच पुरेसं दाट होतं.

वाढताना वर बारीक कापलेला श्निटलाउख म्हणजे चाइव्हजची पात, किंवा बेझिलची पानं, आणि कालच्या ब्र्योटशेनचे म्हणजे छोट्या पावाचे तुकडे लोण्यात कुरकुरीत करून. ते तुकडे अगदी शेवटी टाका.

दुप्पट करायचं असेल तर जरूर करा, क्रीम घालायच्या आधीचं सूप डब्यात भरून फ्रीजरमध्ये तीन महिने छान राहतं. क्रीम घालून ठेवलेलं वितळताना फुटतं.

हिवाळ्यात हे सूप करायचं झालं तर आमच्याकडे ताजे टोमॅटो मागू नका, मनापासून सांगतोय. जानेवारीतला टोमॅटो दिसायला लाल असतो पण सुपात त्याचं फक्त आंबट पाणी होतं. तेव्हा सोललेल्या अख्ख्या टोमॅटोचे 400 ग्रॅमचे दोन डबे घ्या, ते भर उन्हाळ्यात पिकलेले असतात, बाकी कृती हीच, फक्त तेवढ्यावर चार नाही, तीन माणसं जेवतील.

सूपचे टोमॅटो या वर्षी सप्टेंबरअखेरपर्यंत देता येतील असं दिसतंय, थंडी लवकर पडली तर आधी बंद होतील. जास्तीची पिशवी हवी असेल तर बुधवारी संध्याकाळपर्यंत कळवा कारण गुरुवारी पहाटे बेटावर माल भरतात, आणि आधीची कागदी पिशवी धडकी असेल तर रिकाम्या खोक्यात परत ठेवा, आम्ही ती पुन्हा वापरतो.